दाराबाहेरचे बूट

बेसमेंटमध्ये तांदळाच्या पोत्यामागे मी बाटली लपवायचो. मी प्यायचो त्या मानानं ती फार लवकर संपायची. किती प्यायलो तेही आता आठवत नाही, या भीतीनं शेवटी दारू सोडणाऱ्यांची मीटिंग शोधली. इथल्या मराठी मंडळातलं कुणी भेटू नये म्हणून मुद्दाम एडमंटन शहराच्या पार दुसऱ्या टोकाची, शनिवारी दुपारची. बायको ग्रोसरीला गेल्यावर निघालो.

चर्चच्या तळघरातल्या बोळात चिटपाखरू नव्हतं, मीटिंग सुरू झाली होती. टोकाच्या बंद दारामागे कुणी बाई हळू आवाजात इंग्रजीत बोलत होती. सवयीनं बूट काढायला वाकलो आणि स्वतःवरच वैतागलो. चर्चच्या मीटिंगला इथे कोण बूट काढतं? पण दाराबाहेर एक जोड भिंतीलगत नीट ठेवलेला होता. म्हणजे आपल्यातलंच कुणीतरी! याला एवढ्या लांब तडमडायची काय गरज होती, म्हणून मी चरफडलो.

परत फिरणार, तोच डाव्या बुटातली तपकिरी लेस दिसली. काळी मिळेना म्हणून मागच्याच महिन्यात बायकोच्या बुटात ती मीच ओवली होती.

बाटली लवकर का संपायची, ते कळलं. आतला आवाजही मग ओळखू आला.