दहा घरांचं देऊळ

माणूस गेला की त्याचे किस्से वाढायला लागतात. शमुवेलदादा जाऊन महिना झाला. रोज कोणी ना कोणी अंगणात येऊन बसतं, तंबाखू मळतं आणि म्हणतं, "याकोबा, तुले ते माहीत आहे का रे?" मग एक किस्सा, त्यावर दुसरा. आम्ही हसतो. मी चौथीतून शाळा सोडलेला. पण म्हटलं, विसरायच्या आत लिहून ठेवावं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आमच्या देवळाचा प्रचारक. पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलात आमचं गाव. ख्रिस्ती घरं दहाच. देऊळ मिशनच्या साहेबांनी बांधलेलं. स्वराज्य आलं, त्यानंतर काही वर्षांनी साहेब मायदेशी निघाले आणि लहान गावांतली देवळं बंद करायचं ठरलं. हे लोकांना समजवायचं काम दादाच्या गळ्यात पडलं.

*

देऊळ बंद करायचं मिशनचं पत्र आलं, ते दादाने उपासनेत वाचून दाखवलं. मग आमचे म्हातारे सुतार पौलसभाऊ उभे राहिले.

"सायेब चालले. त देव बी चालला का त्यायच्यासंगं?"

दादा म्हणाला, "नाई भाऊ. बोटीचं तिकीट सायबानं एकट्याचंच काढलं!"

देऊळभर हसू फुटलं. घरी आल्यावर मात्र दादाने ताट बाजूला सारलं. म्हणाला, "भिंती गेल्या त जाऊ दे, याकोबा. पण हे दहा घरं फुटले, त मी काय करू?"

*

देवळाची पाहणी करायला चांद्याहून मिशनचा एक बाबू आला. टेप घेऊन आत शिरला आणि भिंती मोजायला लागला. माझं डोकंच फिरलं! बाहेरून कडी घातली आणि नदीवर निघून गेलो.

दोन तासांनी दादाला कळलं. त्याने धावत जाऊन दार उघडलं. बाबू बाकावर शांत बसलेला. म्हणाला, "बरं झालं. किती दिवसांनी निवांत प्रार्थना केली!"

दादाने त्याला घरी आणून चहा पाजला, गाडीत बसवून दिलं आणि मग माझ्याकडे वळला.

"देऊळ बंद करायले मानूस आला, त तू त्यालेच बंद केलं! अरे, अजून दोन तास राह्यला असता त आपल्याच मंडळीत नाव घातलं असतं त्यानं!"

*

देवळातलं सामान चांद्याला जायचं होतं, त्याची यादी करायची होती. दादा एकेका वस्तूला हात लावून लिहून घेत होता. तिसऱ्या बाकावर सलोमीबाई येऊन बसली ती उठेचना. बाई विधवा, जिभेची तिखट.

"बाई, उठा जरा. बाक मोजू द्या."

"हा बाक नाई जाऊ देनार मी. माह्या बुढ्यानं तीस वर्षं झोपा काढल्या याच्यावर. बायबल चालू असताना!"

"मंग यादीत काय लिहू?"

"लिही, मोडका आहे."

दादा खोटं लिहिणारा नव्हता. त्याने लिहिलं, 'बाक एक. सलोमीबाई बसलेल्या आहेत.' ती यादी तशीच चांद्याला गेली. बाक कोणी मागायला आलं नाही.

*

आता चांद्याच्या देवळात जायचं, असं ठरलेलं. सवय व्हावी म्हणून दादाने शनिवारी पहाटेच चार बैलगाड्या जुंपून सगळ्यांना एकदा तिकडे नेलं. तिथे पेटी, पुस्तकं, इस्त्रीचे सदरे. आम्हाला मागे जागा मिळाली.

गीत आमच्या ओळखीचंच निघालं. पण आमच्याकडे ते संथ, घोळवून म्हणतात. त्यांचं संपलं तेव्हा आमची दोन कडवी बाकी होती. पेटी थांबली, पाळकसाहेब थांबले, सगळे मागे वळून पाहायला लागले. कोणी थांबायला तयार नाही! पौलसभाऊंनी डोळे मिटून शेवटचं कडवं दोनदा म्हटलं.

परतताना म्हणाले, "चांगले लोकं आहेत. पन घाईत राह्यतेत."

पुढच्या शनिवारी गाडीत बसायला एकटा दादा आला.

*

शेवटी पौलसभाऊंच्या गोठ्यात जमायचं ठरलं. कुलूप लावायचा रविवार आला. कुलूप दादालाच लावायला सांगितलं होतं. त्याने किल्ली फिरवली. आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, "तू आमचा नाईच! तू त्यायचा मानूस आहेस!"

दादाने किल्ली खिशात घातली. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढे त्याला ताप चढला, तेव्हाही मी अबोलाच धरला. त्याने पाणी मागितलं की तांब्या उशाशी ठेवायचो आणि बाहेर जायचो. वाटायचं, उतरेल ताप, मग बोलू.

यात हसण्यासारखं काही नाही. पण ही गोष्ट मलाच ठाऊक आहे, म्हणून मीच लिहिली पाहिजे.

*

हा शेवटचा. आमच्याकडे चपला म्हणजे रविवारचा दागिना. लोक घरून अनवाणी निघायचे, चपला हातात. देवळाजवळ आले की पायात घालायच्या, दहा पावलं मिरवायचं आणि पायरीशी काढून आत जायचं!

कुलूप लागल्यानंतरचा पहिला रविवार. दादा तापाच्या आधीचा, धडधाकट. गोठा झाडून सकाळपासून दाराशी उभा. कोणी येईना. त्याचा चेहरा उतरत चालला. मी कुंपणापाशी पाठ करून उभा होतो, पण मान वळवून सारखा बघत होतो.

उन्हं बरीच वर आल्यावर पौलसभाऊ आले. मग सलोमीबाई. मग दहाही घरं, पोराबाळांसकट. सगळे अनवाणी, हातही रिकामे.

"चपला कुठी तुमच्या?" दादाने विचारलं.

सगळे आत जाऊन बसले. उपासना झाल्यावर दादा देवळाकडे गेला. मी लांबून मागे. बंद दारासमोर, पायरीशी, चपलांची रांग लागलेली. दादा खूप वेळ पाहत राहिला. मग त्याने आपल्या काढल्या, रांगेच्या शेवटी नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी घरी गेला.

त्याला पुरलं त्या संध्याकाळी मी त्या चपला घरी आणायला धावत गेलो. रांग तशीच होती. मी वाकून उचलल्या. पायरीवर सलोमीबाई बसली होती.

"ठेव खाली."

"दादाच्या आहेत, बाई."

"माहीत आहे मले. ठेव. उपासना सुटली नाई अजून."