टाकीचं झाकण

बंद पडलेलं इंजिन पाहायला आले की मिस्तरी पहिल्यांदा पाना काढत नसत. डिझेलच्या टाकीत बोट बुडवायचे, ते अंगठ्यावर चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "आधी पोट देखा." इंजिनाचे निम्मे आजार पोटाचे असतात, डोकं उघडायची घाई करू नये, असं त्यांचं मत होतं. माणसांबद्दलही ते फारसं वेगळं नव्हतं. एका सकाळी आमचे चेअरमन दिसेल त्याच्यावर ओरडत सुटले, तेव्हा मिस्तरींनी मला हळूच विचारलं, "भाऊ, ह्या उपाशी शेत का?" चौकशी केली तर चेअरमनांचा खरंच उपवास होता.

मी तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थाजवळच्या एका गावात उपसा सिंचन सोसायटीत कारकून होतो. तापीचं पाणी उचलून शेतांना द्यायचं हे सोसायटीचं काम, आणि पाणी उचलणारी यंत्रं चालती ठेवायची हे मिस्तरींचं. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. लग्नाच्या पंगतीत बसलेला असतो, लांबून जनरेटरचा आवाज येतो आणि तो हात धुऊन उठतो. आमचे मिस्तरी उठताना सांगायचे, "तो खोकली ऱ्हायना." परत येईपर्यंत जिलेबी संपलेली असायची. तक्रार त्यांनी कधी केली नाही.

सोसायटीकडे एक जुना ट्रॅक्टर होता. टायरांऐवजी लोखंडी साखळ्यांवर चालणारा, पुढे माती लोटायचं पातं असलेला. गावात त्याला चेनवाला म्हणत. काळ्या मातीच्या चिखलात दुसरं काही चालत नसे तिथे तो रांगत जायचा. त्याचा चालक धडगावकडच्या डोंगरातला एक पावरा आदिवासी. कमी बोलणारा माणूस, पण स्टिअरिंगऐवजी असलेले दोन्ही दांडे हातात आले की त्या धुडाला तो बैलासारखा वळवायचा.

बारा-तेरा वर्षांपूर्वी चेनवाला दगा देऊ लागला. वीस-पंचवीस मिनिटं चालायचा आणि गुदमरल्यासारखा बंद पडायचा. चालक खाली उतरून टाकीचं झाकण उघडायचा, परत लावायचा, आणि थोड्या वेळानं ट्रॅक्टर पुन्हा सुरू व्हायचा. शेतातल्या लोकांना लांबून एवढंच दिसे, की हा माणूस सारखा टाकीपाशी असतो. कुजबुज सुरू झाली. हा डिझेल काढतो आणि वर पाणी ओततो. चालक म्हणाला, "झाकण उघडलं की चालतो, साहेब. का, ते मला माहीत नाही." सगळे हसले.

चेअरमनांनी मिस्तरींना विचारलं. पंपाच्या कामात गुंतलेल्या मिस्तरींनी मान वर न करता सांगितलं, "भेसळ व्हई." तेवढं पुरलं. चालकाला काढून टाकलं. त्या पत्राचा मजकूर माझा. चेनवाला पुढे कुणालाच नीट चालवता आला नाही. गोदामामागे तो उभा राहिला, त्याच्या साखळीतून बाभूळ उगवली.

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात दोन दिवस सतत पाऊस झाला आणि गावाच्या वरच्या पाझर तलावाचा बांध एका बाजूनं खचला. बांधाखाली चाळीसेक घरांची वस्ती. पाऊस उघडला होता, पण पुन्हा येण्याआधी तिथे माती लोटणं भाग होतं. टायरवरची दोन यंत्रं अर्ध्या वाटेतच रुतली. साखळीवरचं यंत्र तालुक्याहून यायला तीन दिवस लागणार होते. तेव्हा कुणाला तरी चेनवाल्याची आठवण झाली.

मिस्तरी तेव्हा सत्तरीला आलेले. त्यांनी सकाळी बाभूळ तोडून घेतली आणि कामाला बसले. टाकीतून लाल गंजाचा गाळ निघाला, पाणी निघालं, एक मेलेली पालही निघाली. नळ्या फुंकून साफ केल्या, फिल्टर बदलले, नवं डिझेल भरलं. मग नळीत अडकलेली हवा बाहेर काढण्यासाठी पंपाचा स्क्रू सैल करून हातानं डिझेल दाबत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. "आते जेवी लिन्हं त्यानी," ते म्हणाले. दुपारी चेनवाला काळा धूर सोडत सुरू झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पंचवीस मिनिटांनी तो गुदमरून बंद पडला.

मिस्तरी साखळीच्या पट्टीवर बसले. मग उठले, टाकीपाशी गेले आणि झाकण फिरवलं. मी शेजारीच होतो, मलाही तो आवाज ऐकू आला. कुणीतरी दीर्घ श्वास आत ओढावा तसा, सुस्सकन. त्यांनी झाकण उलटं केलं, उजेडात धरलं आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"भाऊ," ते म्हणाले, "येले भोकच नही."

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी समजावलं. टाकीतलं डिझेल कमी होतं तशी वरून हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते नसलं की टाकी आतून डिझेल धरून ठेवते, पंपाला मिळत नाही. झाकण उघडलं की हवा जाते आणि इंजिन पुन्हा चालतं. या ट्रॅक्टरचं मूळ झाकण हरवलं होतं, दुसऱ्याच यंत्राचं बसवलेलं होतं.

"कुणी बसवलं?" मी विचारलं.

"मी बसाडेल शे."

त्यांनी छोट्या गिरमिटानं झाकणाला भोक पाडलं. ट्रॅक्टर तासभर चालवून पाहिला, एकदाही अडखळला नाही. पण खचत्या बांधावर तो नेणार कोण? ते दांडे हाताळणारा एकच माणूस आम्हाला माहीत होता.

मी म्हटलं, "मिस्तरी, आधी बोलावून काम करून घेऊ. झाकणाचं नंतर निवांत सांगू."

"नही. आधी सांगसू. मंग त्यानी मर्जी."

त्यांनी झाकण काढून रुमालात गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच माझ्या मोटारसायकलवर आम्ही निघालो. म्हसावद सोडून घाट चढलो, पुढे पायवाटेनं त्याच्या पाड्यावर पोहोचलो. तो घराच्या कुडाला शेण-माती लिंपत होता. आम्हाला पाहून त्यानं हात धुतले, खाट टाकली. त्याच्या बायकोनं पाणी आणलं. मिस्तरी खाटेवर बसले नाहीत. उभ्यानंच झाकण त्याच्या हातात दिलं.

"तुन्ही चूक नव्हती," ते म्हणाले. "मन्ही व्हती. बिनभोकनं झाकण मीच बसाडेल व्हतं. आनि भेसळ सांगी दिन्ही, तेबी मीच."

त्यानं झाकण डोळ्याशी नेलं आणि भोकातून आकाशाकडे पाहिलं.

"मी सांगत होतो," तो म्हणाला.

"हां. तू सांगत व्हता."

मग तो माझ्याकडे वळला. "साहेब, पत्रात ते लिहिलं होतं का? मी सांगत होतो, ते?"

"नाही," मी म्हणालो. "पत्र मीच लिहिलं होतं."

बायको त्यांच्या बोलीत त्याला काहीतरी म्हणाली. आवाज चढलेला होता, अर्थ विचारायची गरज नव्हती. तो तिचं सगळं ऐकून घेऊन आत गेला. आता बाहेर येणार नाही, असं मला वाटलं. मिस्तरी तसेच उभे. थोड्या वेळानं तो धुतलेला सदरा घालून आला.

"खाली सगळ्यांसमोर सांगाल?"

"सांगसू."

त्यानं चेनवाला गोदामामागून बांधापर्यंत नेला. तिथे शंभरेक माणसं जमली होती, सरपंच होते, जुने चेअरमनही होते. मिस्तरींना चारचौघांत बोलायची सवय नव्हती. ते चेनवाल्याच्या पट्टीवर चढले, चालकाला शेजारी उभं केलं आणि चारच वाक्यांत सगळं सांगितलं. "ह्या माणूसले आपण चोर म्हणनूत," हे त्यातलं शेवटचं. जुन्या चेअरमनांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग चालक वर चढला आणि संध्याकाळपर्यंत माती लोटत राहिला. पाऊस दोन दिवसांनी आला, बांध राहिला.

त्यानंतर मिस्तरींनी कामं हळूहळू सोडली. माझं सारं आयुष्य कागदांत गेलं, म्हणून असेल, पण मी पुष्कळदा विचार करतो: ते गप्प राहिले असते तर कुणाला कळलं असतं? भोक पाडायला दोन मिनिटं लागली होती.

यंदा पौषात मिस्तरी गेले. दहाव्याला प्रकाशाच्या घाटावर आम्ही जमलो, तर चालक आधीच येऊन एका कडेला बसला होता. सुरतेहून आलेल्या एका नातेवाइकानं त्याला आपुलकीनंच विचारलं, "तुम्ही त्यांच्या हाताखाली होते का?"

"नाही," तो म्हणाला. "ते माझ्या घरी आले होते."

नातेवाइकाला त्यातून काही उमगलं नाही. मान हलवून तो पुढच्या पाहुण्यांकडे गेला. मी सरकलो आणि चालकाशेजारी जाऊन बसलो.