चालू दुकानांवर ‘बंद’चा शिक्का

यादीत एकच नाव होतं. नाझनीन. प्रोजेक्टवरून काढायचं माणूस म्हणून. खाली सही माझी हवी होती.

“सोमवारी क्लायंटचा कॉल आहे,” अभिजित सर म्हणाले. सर म्हणजे आमचे मॅनेजर. “त्याच्याआधी आपण काहीतरी ॲक्शन घेतली असं दिसलं पाहिजे. सगळ्यात खालचा स्कोअर तिचा आहे. सही कर आणि एचआरला पाठव.”

“एचआरला गेलं की रिमार्क पडतो, सर. क्वालिटी फेल्युअर. मग दुसऱ्या प्रोजेक्टवर तिला कुणी घेणार नाही.”

“मग क्वालिटी ठेवायची होती ना तिनं.”

शुक्रवारची दुपार होती. मी सही केली आणि पाठवूनही दिलं.

आमचं काम काय ते आधी सांगते. माझी आई शेजारणींना सांगते, “वैशाली कॉम्प्युटरला शिकवते.” शेजारणी हसतात, पण आई बरोबरच सांगते. आमचा क्लायंट कारखान्यांसाठी सर्चची वेबसाइट चालवतो. चाकणच्या एखाद्या कंपनीतला माणूस त्यात टाइप करतो, ‘हायड्रॉलिक सिलेंडर रिपेअर’. समोर वीस-पंचवीस नावं येतात. त्यातलं कुठलं त्याच्या कामाचं, हे मशीनला आपोआप कळत नाही. त्यासाठी आम्ही माणसं बसतो. प्रत्येक नावापुढं खूण करायची: उपयोगी, अर्धवट किंवा बिनकामाचं. याला ॲनोटेशन म्हणतात. अशा ढीगभर खुणा बघून मशीन शिकतं, वर काय दाखवायचं आणि खाली काय ढकलायचं.

दुसरा भाग फिल्टरचा. बंद पडलेली दुकानं, दोनदा आलेली नावं, खोटे नंबर हे लोकांपर्यंत पोचण्याआधीच गाळायचं. दुकान बंद आहे की चालू, हे आमच्याच बिल्डिंगमधली खालच्या मजल्यावरची कॉलिंग टीम ठरवते. तीन वेगवेगळ्या दिवशी फोन करायचा. तिन्ही वेळा कुणी उचलला नाही, तर ‘बंद’चा शिक्का. शिक्का पडला की ते नाव सर्चमधून गायब. ॲनोटेटरला मात्र शिक्का मारलेली नावंही दिसतात. बंद दुकान कसं ओळखायचं हे मशीनला शिकवायचं असतं म्हणून. नियम साधा होता. शिक्का दिसला की बिनकामाचं.

आणि ॲनोटेटर नीट काम करतो का, हे बघायला ‘गोल्ड’. म्हणजे ज्यांची उत्तरं आधीच ठरवून ठेवली आहेत असे प्रश्न, बाकीच्या कामात मिसळलेले. त्याला कळत नाही कुठले. उत्तर जुळलं की स्कोअर वाढतो. गोल्डची उत्तरं मी ठरवायचे, तीही शिक्का बघूनच.

हा फिल्टर नवीनच लावला होता. आणि तेव्हापासून क्लायंटच्या तक्रारी सुरू झाल्या. चाकणच्या एका कंपनीचा पत्रे दाबायचा प्रेस बंद पडला, सिलेंडर गळत होता, आणि सर्चमध्ये दिल्ली आणि अहमदाबादचे व्यापारी आले. शेजारी भोसरीत रिपेअरवाल्यांची रांग आहे. त्यातलं एकही नाव नाही.

सही करून झाल्यावर मी नाझनीनला केबिनमध्ये बोलावलं. ती दापोडीची. मीही दापोडीची, रेल्वेलाइनच्या अलीकडची ती आणि पलीकडची मी. तिचे वडील मेकॅनिक, ती बी.कॉम. तिच्या घरात कॉलेजला गेलेली ती पहिली. माझ्या घरात मी पहिली, बी.एस्सी. कॉम्प्युटर. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे, आणि पुढं जे झालं त्यात त्या अभिमानाचा थोडा हात आहे.

“बस.”

“उभीच बरी आहे, ताई.”

“शिक्का मारलेल्या नावांना तू उपयोगी देतेस. दर आठवड्याला. का?”

“कारण ती चालू आहेत. भोसरीतून माझी बस जाते. शटर वर असतं, आत लेथ फिरत असतं. ट्रॅफिकमध्ये बस अडकली की चांगलं दहा मिनिटं बघते मी.”

“तुला काय दिसतं ते विचारलेलं नाही. शिक्का बघायचा आणि खूण करायची. गाइडलाइनचं पान चार वाच.”

“पान चार पाठ आहे माझं. त्याच पानावर खाली लिहिलंय, शंका असेल तर कमेंट टाका. मी टाकल्या. तुम्ही एक तरी वाचली का?”

वाचली नव्हती. कामाची शीट माझ्या स्क्रीनमध्ये बसत नाही, म्हणून कमेंटचा कॉलम मी लपवून ठेवायचे.

“मला काढायचं तर काढा,” ती म्हणाली. “पण काम येत नाही म्हणून काढलं, असं लिहू नका. तेवढं नका लिहू, ताई.”

लिहून तर झालं होतं.

ती गेल्यावर तो कॉलम उघडला. ‘चालू आहे, रोज बघते.’ ‘चालू आहे, अब्बांनी इथं काम दिलंय.’ ‘हेपण चालू.’ पुढंपुढं तर नुसतं ‘ताई, प्लीज बघा’.

पहिला नंबर लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला.

“हां, कोण बोलायलंय?”

“तुमचं वर्कशॉप चालू आहे का?”

“मग काय भजी तळायलोय का इथं? हे ऐका.” त्यानं फोन मशीनजवळ धरला. माझ्या कानात खरखर झाली. माणूस मराठवाड्यातला दिसत होता, आवाजात राग नव्हता.

“आमच्या लोकांनी तुम्हाला तीनदा फोन केला. तुम्ही उचलला नाही.”

“कधी केला?”

मी शीटवरच्या तारखा वाचून दाखवल्या. पलीकडं पानं चाळल्याचा आवाज आला. कॅलेंडर बघत असावा.

“ओ मॅडम, तिन्ही गुरुवार हायेत की हे. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. दुकानाचा मोबाइल ड्रॉवरमधी अन् मी घरी. नवीन आलात का तुम्ही इकडं?”

मी “थँक यू” म्हणून फोन ठेवला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सगळ्या औद्योगिक भागांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून प्रत्येक भागाला सुट्टीचा वेगळा वार दिलेला असतो. आमच्या पट्ट्यात गुरुवार. माझे वडील, अण्णा, अठ्ठावीस वर्षं भोसरीत प्रेसवर होते. आमच्या घरी रविवार म्हणजे काही नव्हतं. कटिंग गुरुवारी, पाहुणे गुरुवारी, मटण खायचं तर बुधवारी रात्रीच, कारण गुरुवारी आईचा उपवास. मी नवीन नव्हते. मी शिकले, शनिवार-रविवार सुट्टीच्या ऑफिसात आले आणि गुरुवार विसरले.

शीटमधले सगळे ‘बंद’ तपासले. एकूणएक फोन गुरुवारचे. कुठल्या वारी फोन करायचे, ते रोस्टर कुणी बनवलं? मीच. कॉलिंग टीम गुरुवारी रिकामी असते, हे कळल्यावर मी खूश झाले होते. आयत्या खुर्च्या, आयते हेडफोन.

खाली गेले. कॉलिंगचा टीम लीडर मंगेश चहा पीत होता.

“मंगेश, तुमची टीम गुरुवारी रिकामी का असते?”

“आमचं मेन काम कंपन्यांना फोन करायचं, मॅडम. गुरुवारी कंपन्या बंद. कोण उचलणार?”

“अरे, मग मला सांगायचं ना!”

“तुम्ही रोस्टर दिलं, आम्ही फोन केले. तुम्ही इथल्याच. आम्हाला वाटलं, मॅडमनी काहीतरी विचार केला असेल.”

वर येऊन सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“ठीक आहे. क्लायंटला लिही, सोर्स डेटामध्ये इश्यू होता. रोस्टर कुणाचं, हे त्यांना कशाला?”

“कारण मग फेल्युअर नाझनीनच्या नावावर राहतं.”

“आणि तुझं अप्रेझल?”

“पडेल.”

“विचार कर, वैशाली.”

“केला, सर. जिन्यातच केला.”

सोमवारच्या कॉलवर क्लायंटकडून बंगळूरचे प्रसाद होते. मी हिंदीत सगळं सांगितलं.

“गुरुवार? पूरा एरिया?” त्यांनी विचारलं.

“जवळजवळ पूरा.”

“आणि तुमच्या टीममध्ये हे कुणालाच दिसलं नाही?”

“दुकानं चालू आहेत, हे एका मुलीला दिसत होतं. ती लिहून कळवत होती. मी वाचलं नाही. आणि तिलाच काढायचं पत्र शुक्रवारी मी पाठवलं.”

सरांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. उशीर झाला होता.

प्रसाद चिडले, पण आरडाओरडा केला नाही. दोन आठवडे दिले. आम्ही पुन्हा फोन केले, मंगळवारी, बुधवारी आणि शुक्रवारी. बहुतेक शिक्के निघाले. काही दुकानं खरंच बंद होती, आणि त्यातल्या एका ठिकाणी नाझनीनही चुकली होती. शटर वर होतं, पण आत आता पिठाची गिरणी आली होती. “आवाज येत होता, ताई,” ती म्हणाली.

गोल्डची उत्तरं नव्यानं ठरवली आणि सगळ्यांचे स्कोअर पुन्हा काढले. नाझनीन वर आली, पण पहिली नाही. खरी गंमत दुसरीकडंच झाली. ज्यांचे स्कोअर आतापर्यंत सगळ्यात चांगले, ते धडाधड खाली आले. त्यांचा दोष नव्हता. माझी चूक ते अगदी बिनचूक करत होते. त्यातल्या कुणालाही काढलं नाही.

चाकणच्या सर्चमध्ये भोसरी परत दिसू लागली. प्रोजेक्ट राहिलं, नाझनीनही राहिली. माझं अप्रेझल एक पायरी खाली आलं. गोल्ड मी एकटीनं ठरवायचं बंद झालं. आता ते काम दोघी करतो, आणि दुसरी नाझनीन. आमचं रोज भांडण होतं.

एचआरकडं मात्र तीन चकरा माराव्या लागल्या. रिमार्क काढा, म्हटलं. त्यांच्या सिस्टीममध्ये रिमार्क काढायची सोयच नाही, फक्त नवीन टाकता येतो. मग जुन्याच्या खाली मी माझ्या नावानं टाकला: ‘वरची नोंद चुकीची आहे. चूक तपासणाऱ्याची होती.’ नाझनीननं तो दोनदा वाचला आणि म्हणाली, “तपासणारीची लिहा.” तेही बदलता येत नव्हतं.

आता कुणाचा स्कोअर पडला की मी आधी गोल्ड उघडते, मग कमेंट वाचते आणि त्यानंतर माणसाला बोलावते. यात शहाणपण काही नाही. शंका असेल तर कमेंट टाका, हे गाइडलाइनच्या पान चारवर पहिल्यापासून लिहिलेलं होतं. ते पान मीच लिहिलं होतं.