जेवून राहिलो

बाबुलाल कापगते यांच्या दारात पहिला संशोधक उभा राहिला, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, "क्या गुमा है बेटा?"

पोरगा बिचारा एवढंच म्हणाला होता, "अंकलजी, मैं शोध कर रहा हूँ." हिंदीत संशोधनाला शोध म्हणतात. बाबुलालच्या मराठीत शोध घ्यायचा तो हरवलेल्या वस्तूचा, नाहीतर पळून गेलेल्या बकरीचा. साकोलीकडचं गाव सोडून ते भिलाईला आले तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. प्लांटात ब्लास्ट फर्नेसवर लागले आणि तिथेच केस पिकवून रिटायर झाले. हिंदी त्यांच्या तोंडात चांगली मुरलेली होती, पण भट्टीसमोर संशोधनाच्या गप्पा कोण मारतो? म्हणून हा एक शब्द शिकायचा राहून गेला होता. त्यांनी चपला पायात सरकवल्या, काठी घेतली आणि पोराला घेऊन गल्लीभर फिरले. कोपऱ्यावरची नाली काठीने बरीच ढवळून झाल्यावर उलगडा झाला की पोराचं काहीच हरवलेलं नाही. कोहक्याच्या, म्हणजे बाबुलालच्या या वस्तीतल्या, घरांवर कसली धूळ बसते आणि किती, ते त्याला मोजायचं होतं.

"धूल?" बाबुलालनी कपाळावर हात मारला. "तो फिर नाली में कायको घुसाया मेरे को?"

हा पियूष. बाबुलालची नात उन्नती रायपूरला पीएचडी करत होती, तिच्या विद्यापीठातला. घराचा पत्ता तिनेच दिला होता. त्याने गच्चीवर एक घरघरणारी पेटी बसवली. तिच्यात पांढराशुभ्र गोल कागद घालायचा, आठवड्याने काढायचा आणि त्यावर किती धूळ साचली ते वजन करून पाहायचं, असं त्याचं काम. कोऱ्या कागदांचा पुडा त्याने स्वयंपाकघरातल्या अलमारीत ठेवला आणि कोणी हात लावू नका म्हणून चारचारदा बजावलं. "अब बिना हाथ लगाए अलमारी कैसे खुलेगी, ये भी शोध करके बता," असं बाबुलाल म्हणाले, पण तेव्हा तो जिना उतरून गेला होता.

पियूषच्या मागोमाग उन्नतीच्या बाकी मित्रमैत्रिणींनाही कोहक्याची वाट सापडली. मोनाली आली ती मागच्या बाडीतल्या, म्हणजे परसातल्या, भाज्यांवर अभ्यास करायला. बाबुलालच्या बायकोने, मैनाबाईंनी, तिला चेच भाजी, लाल भाजी छान निवडून जुडी बांधून दिली. मोनालीने ती परत केली आणि किडीने खाल्लेली पानंच द्या म्हणाली. मैनाबाईंचा जीव कळवळला. पोरगी इतकी गरीब असेल असं तिच्या कपड्यांवरून वाटत नव्हतं.

मग आला गुलाब, इतिहासवाला. गाव सोडून कारखान्यात आलेल्यांच्या आठवणी त्याला गोळा करायच्या होत्या. गाव सोडताना काय वाटलं, असं त्याने फार हळू आवाजात विचारलं. बाबुलाल म्हणाले, आनंद. आणि नंतर? नंतर पहिला पगार झाला, अजून आनंद. रात्री गावाची आठवण येऊन डोळे भरत नसत? बाबुलालनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि सांगितलं की रात्री नाइट शिफ्ट असायची. गुलाबचा चेहरा असा उतरला की शेवटी बाबुलालनाच दया आली. मग त्यांनी लहानपणी घरचा एक बैल मेला होता तो काढून दिला. गुलाबने त्यावर पानंच्या पानं भरली आणि जाताना त्यांच्या पायाही पडला.

"एकाले माही धूळ पायजे, एकीले माही भाजी, एकाले माहं दुःख," बाबुलाल मैनाबाईंना म्हणाले. "आता घरात उरलं का?"

उरलं होतं ते मागायला घरचीच नात आली. उन्नतीचा विषय भाषाशास्त्र. विदर्भातून भिलाईला आलेली माणसं घरात मराठी कशी बोलतात, यावर तिला प्रबंध लिहायचा होता. रायपूरच्या तिच्या मॅडम कडक होत्या. मुलाखतीतली नटवलेली भाषा नको, म्हातारी माणसं आपल्या घरात मोकळेपणी बोलतात तशी रेकॉर्ड करून आण. या महिन्यात आणली नाहीस तर विषय बदल, असं त्यांनी बजावलं होतं. विषय बदलायचा म्हणजे केलेलं सगळं काम पाण्यात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून उन्नती बॅग भरून आजी-आजोबांकडे मुक्कामाला आली होती.

त्या रविवारी चारही संशोधक एकाच चहाच्या भांड्याभोवती जमले. चौघांनाही आपापला विषय सोडून बाकी तिघांचा टाइमपास वाटत होता. गुलाब मोनालीला म्हणाला की किडकी पानं मोजून माणसाचं काय भलं होणार? मोनालीने त्याच्या बैलाची चौकशी केली. पियूषचं तर म्हणणं, त्याच्याकडे शेकडो नमुने, उन्नतीकडे दोन. "दो बुजुर्गों की बातचीत, यार, ये कोई रिसर्च है?" असं म्हणून तो हसला.

खरं म्हणजे बाबुलाल आदल्याच दिवशी उन्नतीला हेच म्हणाले होते. पण घरच्यांनी म्हणणं वेगळं आणि बाहेरच्याने हसणं वेगळं. त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्हारा धूल पूछने पे जवाब देता है क्या?"

पियूष पेटीतला कागद बदलायला गच्चीवर निघून गेला. मोनाली बाडीत गेली आणि तिला चिडवायला गुलाबही. उन्नतीने संधी साधून फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या लहानपणीच्या दिवसांविषयी काही सांगा ना." ती मराठी पुस्तकातली होती, कारण उन्नती मराठी शिकली ती पुस्तकातूनच, असा घरात समज होता. एरवी ती आजोबांशी हिंदीच बोलायची.

बाबुलालनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "मी, बाबुलाल कापगते, आपणांस नम्रपणे विदित करू इच्छितो की, बालपणी सकाळी उठल्यानंतर मी चहा या पेयाचे सेवन करीत असे."

"आजोबा! घर में ऐसे कौन बोलता है?"

"रेकॉर्ड हाय ना तो? मंग? पुस्तकात जाईन, मोठे मोठे लोक वाचतीन."

त्या आठवड्यातला हा तिसरा प्रयत्न. पहिल्या वेळी त्यांनी बातम्या दिल्यासारखं पावसाचं प्रमाण सांगितलं होतं, दुसऱ्या वेळी समस्त कुटुंबीयांचे आभार मानले होते. मैनाबाईंची तर फोन दिसला की वाचाच बसायची. डोक्यावर पदर घेऊन त्या नुसत्या "हो" आणि "नाही" म्हणत. उन्नती डोकं धरून बसली. एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी ही दोन माणसं, आणि तिच्या फोनसमोर आली की एकाचं भाषण आणि दुसरीचं हो-नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबुलालना ते दिसलं आणि वाईटही वाटलं, पण फोनसमोर ते घरच्यासारखं बोलले नाहीत. त्याला कारण होतं पुणं.

बऱ्याच वर्षांपूर्वी ते पुण्याला एका लग्नाला गेले होते. पंगतीत यजमान अगत्याने विचारायला आले, "जेवताय ना?" बाबुलाल तोंडातला घास सांभाळत म्हणाले, "हो, जेवून राहिलो." त्यावर यजमान गमतीने म्हणाले, "जेवून राहिलात? वा! किती दिवस राहणार मग?" सगळी पंगत हसली. आपल्याकडे करून राहिलो म्हणजे करतो आहे, हे बाबुलालना समजावून सांगायचं होतं. पण पंगत हसत असताना व्याकरण कोण ऐकतं? पुढे पंगतीतली पोरं दोन दिवस त्यांना 'राहिलो काका' म्हणत होती. परत आल्यावर त्यांनी ठरवलं, परक्यांशी हिंदी आणि जिथे मान आहे तिथे शुद्ध मराठी. मुलाला ताकीद दिली की पोरीशी हिंदीतच बोलायचं. आपल्याला हसले ते ठीक, उन्नतीला कोणी हसायचं नाही.

तेवढ्यात गच्चीवरून पियूष धापा टाकत खाली आला. तो अलमारी उघडून बघतो तर कागदांचा पुडा रिकामा!

बाबुलालचा आवाज मुळातच भट्टीपल्याड ऐकू जाईल असा. तो आता सुटला. "म्या सांगतलं होतं का नाही, त्या पुड्याले हात लावू नको म्हनून?"

"मी कायले लावू?" मैनाबाईंचा पदर डोक्यावरून कमरेला आला. "तुमीच सकाळपासून सारं घर उलथून राहिले. चष्मा धुंडून राहिले होते ना?"

"चष्मा माह्या नाकावर हाय!"

"तेच त सांगून राहिली! सकाळीबी नाकावरच होता!"

बाबुलालनी मग मोर्चा नातीकडे वळवला. तिनेही ऐकून घेतलं नाही. मोनाली आणि गुलाब बाडीतून धावत आले. पलंगाखाली पाहिलं, तांदळाच्या कोठीत हात घालून पाहिला, गुलाबने तर कोणी न सांगता पंखाही तपासला. बाबुलाल ओरडत होते, मैनाबाई त्यांच्या वरताण ओरडत होत्या आणि मधूनमधून स्वयंपाकघरात जाऊन तळणही पाहत होत्या. पोरं दमली तशी त्यांनी उडदाच्या गरम बड्यांची, म्हणजे वड्यांची, ताटली आणून पियूषपुढे ठेवली. रुसलेल्या पोराने भराभर चार बडे खाल्ले. पाचवा उचलला आणि तो तसाच थांबला.

बड्यांखाली पांढराशुभ्र गोल कागद होता, आता पांढरा म्हणवेना असा.

"केवढं तेल पेऊन राहिला कागद, पाय ना," मैनाबाई नातीला कौतुकाने म्हणाल्या. पुड्याची गोष्ट त्यांच्या अजूनही ध्यानात आली नव्हती. अलमारीत चांगले कागद दिसले, त्या बड्यांखाली घालत गेल्या. "बेटा, ये पेपर कहाँ मिलता है? एकदम बढ़िया है."

प्रत्येक कागदाचं वजन पियूषने आधीच काटेकोर करून ठेवलेलं होतं. त्याला रडायचं होतं, पण तोंड भरलेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, असं उन्नतीच्या मनात आलं आणि हसू दाबत तिने टेबलावरचा फोन उचलला. मग तिचं हसू थांबलं. रेकॉर्डिंग चालूच होतं! सगळं भांडण, पहिल्या ओरडण्यापासून बड्यांपर्यंत, जसंच्या तसं आत होतं. तिने आजीला कवटाळून एक गिरकी घेतली. मॅडमनी मागितलेली मराठी तिच्या हातात होती.

"मिटवून टाक ते," बाबुलाल म्हणाले.

उन्नती थांबली. बाबुलालनी दुसऱ्यांदा सांगितलं, या वेळी हळू. मले-तुले आणि राहिलो-राहिली साऱ्या दुनियेने ऐकायचं आणि हसायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. उन्नतीने वाद घातला नाही. बोलणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने हो म्हटल्याशिवाय त्याचं बोलणं वापरायचं नाही, हा तर मॅडमचाच नियम होता. "ठीक है, आजोबा," ती म्हणाली. "आपकी मर्ज़ी. बस एक बार सुन लेती हूँ." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की पियूषनेही ताटली बाजूला सारली.

फोनमधून भांडण पुन्हा सुरू झालं. चष्मा येऊन गेला. बाबुलाल खाली मान घालून ऐकत होते. मग त्यांच्या आवाजात प्रश्न आला, "उन्नती, तू त नाही घेतले?" आणि लगेच एक तरुण, चिडलेला आवाज: "मी कावून घेऊ त्याचे कागद? मी त सकाळपासून तुमच्याच मागं मागं फिरून राहिली!"

बाबुलालनी मान वर केली. "थांब. हे कोन बोललं?"

"मी," उन्नती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिच्याही तेव्हाच लक्षात आलं.

"पुन्हा लाव."

तिने लावलं. कावून, म्हणजे का म्हणून. फिरून राहिली. त्यांनी अजून एकदा लावायला सांगितलं. ज्या बोलीला कोणी हसू नये म्हणून त्यांनी नातीला तिच्यापासून इतकी वर्षं दूर ठेवलं, ती नातीच्या तोंडून अशी निघाली होती की जणू साकोलीकडची आई-मावशीच बोलते आहे. आपली एक वस्तू आपणच फेकून दिली होती आणि ती घरातच पडून होती, असं त्यांना वाटलं.

"कुठी शिकली तू हे?" त्यांनी विचारलं.

"घरात," मैनाबाईंनी परस्पर उत्तर दिलं. "आनखी कुठी? तुमच्या आवाजापासून बहिरं कोनी राहू शकते का?"

बाबुलालनी उन्नतीला रेकॉर्डिंग पुन्हा चालू करायला सांगितलं. फोन टेबलाच्या मधोमध ठेवून घेतला. सवयीने हात सदऱ्याच्या वरच्या बटणाकडे गेला. "मी, बाबुलाल कापगते, आपणांस नम्रपणे..." ते थांबले. नातीकडे पाहिलं. बटण तसंच उघडं ठेवून हात खाली घेतला.

"मी बाबुलाल कापगते," ते म्हणाले. "मी हो म्हनून राहिलो."

उन्नती फोन बंद करायला पुढे झाली, तशी त्यांनी तिचा हात धरला, कारण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. फोनवर जरा वाकून, पुण्यापर्यंत जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आन् कोनी हासलं, त त्याले इचार, कावून हासून राहिला?"