तानुअक्काची तबकडी

आमच्या गावात कापूस वेचायला बायका निघाल्या की सगळ्यांना तानुअक्काच्या शेजारची ओळ हवी असायची. तानुअक्का गात असली की दिवस कधी मावळला ते कळत नसे. हळदीची गाणी तर तिला तोंडपाठ होती, एकेक गाणं तासभर चालणारं. पण बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि मांडवाची वाट बंद झाली. विधवेनं हळदीत जायचं नाही, असा रिवाज होता. मग ती हळद रानात गायची.

लग्नात भोंगा लावणारा पंडित आमच्याच आळीचा. नव्या तबकड्या आणायला तो जळगावला माणकचंद शेठच्या दुकानात जाई. सदुसष्ट साली तिथं मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस बसला होता. शेठ त्याला म्हणाले, "खेड्यातली गिऱ्हाइकं आपल्या बोलीतलं गाणं मागतात हो. तुमच्याकडे एक तरी आहे का?"

पंडित मधेच बोलला, "गाणारी मी देतो."

महिन्याभरात तानुअक्का, तिचा भाऊ चिंधा आणि पंडित पाचोऱ्याला गाडीत बसले. मुंबईत काय झालं ते पंडित पुढं वर्षानुवर्षं सांगत असे. काचेच्या खोलीत तिला माइकसमोर उभं केलं. लाल दिवा लागला आणि अक्काचा आवाजच फुटेना. दोनदा झालं, तीनदा झालं. साहेब घड्याळ बघायला लागले. तेव्हा अक्कानं पदराची कापूस वेचायला बांधतात तशी ओटी बांधली, डोळे मिटले आणि हातांनी हवेतली बोंडं वेचत गायला लागली:

"हयद लागनी नवरीले, पिवयं झायं अंगन..."

तासभराचं गाणं तीन मिनिटांत बसवायचं होतं. अक्कानं ओव्या गाळल्या, पण सूर नाही सोडला. काचेपलीकडचा पेटीवाला उभा राहून टाळ्या वाजवत होता म्हणे.

तबकडी आली आणि खान्देशात नुसता धुमाकूळ! पाचोऱ्याच्या बाजारात भोंग्यावर ती लागली की बैलगाड्या थांबायच्या. धुळ्याकडच्या लग्नाच्या वऱ्हाडात तीच, वरणगावच्या फॅक्टरीतल्या कामगारांच्या चाळीत तीच. आम्ही शाळेत घरची बोली बोललो की मास्तर छडी उगारायचे; आता जळगावच्या कॉलेजातली मुलं ती बोली रस्त्यानं मोठ्यानं गात जायची. तबकडीवर नाव छापलेलं होतं: तानुबाई, पाचोरा. मी ते बोटानं चाचपून पाहिलं होतं.

पुढच्या वैशाखात माझं लग्न निघालं. हळदीच्या सकाळी सुवासिनी मला हळद लावत होत्या आणि पंडितनं तीच तबकडी लावली. तानुअक्काचं घर आमच्यापासून चौथं. मला वाटलं, तिचाच आवाज मांडवात घुमतोय आणि ती चुलीपुढं बसून ऐकतेय!

मी वडिलांना हाक मारली, "आबा, तानुअक्काला बोलवा."

वडिलांची आत्या भिकुबाई कडाडली, "सुनंदे, याड लागनं का तुले? विधवाना पाय मांडवमा?"

"तिचा आवाज चालतो ना मांडवात? मग ती का नाही?" मी म्हटलं. नवरी एवढं बोलत नसते.

माझे वडील झुलाल पाटील फार बोलणारे नव्हते. ते उठून भोंग्यापाशी गेले. "पंडित, बंद कर ते."

सगळ्यांना वाटलं, आता मला मार बसतो. पण वडील पायात वहाणा अडकवून थेट तानुअक्काच्या दारात गेले. ती आली, पण मांडवाच्या मेढीपाशीच अडून राहिली. "आबा, मी आठेच उभी राहीसन गास," म्हणजे इथंच उभी राहून गाते, असं म्हणाली.

मी पाटावरून उठले आणि हळदीच्या हातानं तिचा हात धरून आत ओढलं. तिच्या मनगटावर माझी पाची पिवळी बोटं उमटली.

मग ती गायली. इथं लाल दिवा नव्हता, घड्याळ नव्हतं. आईच्या ओव्या, बहिणीच्या, भावजयीच्या. बायका ओळी झेलायला लागल्या, टाळ्या पडायला लागल्या, कुंपणापलीकडची माणसं भिंतीवर चढली. भिकुबाई रागानं आतल्या खोलीत जाऊन बसली होती. अर्ध्या तासानं तिनं दारातून डोकं बाहेर काढलं आणि ओरडली, "ताने, मामानी ओवी राही गयी ना वं!"

मांडवात असा हशा पिकला की तानुअक्कालाही क्षणभर गाता येईना. मग तिनं मामाची ओवी उचलली आणि भिकुबाई दारातूनच तिच्या सुरात सूर मिसळायला लागली.

त्यानंतर तिला गावोगावच्या हळदीत गायला बोलावणी येऊ लागली, पण सगळीकडे असं झालं नाही. बोदवडला एका घरानं तिला भोंग्यावर वाजवलं, पण प्रत्यक्ष आली तेव्हा दारातूनच परत पाठवलं. अक्का त्या दिवशी स्टेशनवर बसून रडली, असं चिंधा सांगतो. पण आमंत्रणं येत राहिली. एकाहत्तर साली तिची दुसरी तबकडी निघाली. त्याच साली वरणगावला एका लग्नात ती गात असताना नवऱ्या मुलाची आई पुढं झाली. तीही विधवा होती. कुणाला न विचारता तिनं हळदीच्या वाटीत हात बुडवला आणि आपल्या लेकाच्या गालाला स्वतः हळद लावली.