मेहकरचं बूच

मेहकरात क्रिकेट खेळणारी पोरं पैशाला पासरी मिळतात. फुटबॉलवाले थोडे, पण जे आहेत ते पक्के वेडे. आणि त्यांच्याहून वेडे आहेत ते बघणारे. आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नाही असा माणूससुद्धा जानेवारीतल्या सामन्यांना मैदानाच्या कडेला उभा राहून असा काही बोलतो, की जणू सगळा खेळ त्यानंच लोकांना शिकवला आहे. काठावर बसून पोहायला शिकवणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती.

अशा या गावाच्या संघात सकलैन स्टॉपर म्हणून खेळायचा. पेशानं वेल्डर. लोणार रस्त्यावर त्याचं ग्रिल-गेटचं दुकान. दिवसभर लोखंड जोडायचं, संध्याकाळी मैदानावर जायचं. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यात उभा राहून आलेला हल्ला थोपवणारा. हे काम असं आहे की नीट केलं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि एकदा चुकलं की आख्ख्या गावाला दिसतं.

त्याला ‘बूच’ हे नाव रमाकांत सरांनी दिलं. हे रमाकांत सर शाळेत क्लार्क, पण मेहकरात त्यांना सगळे सर म्हणतात आणि तेही कधी कुणाला दुरुस्त करत नाहीत. सामन्यांच्या वेळी माइक त्यांच्या हातात. एका वर्षी सकलैननं गोलच्या तोंडावरून चेंडू काढला तेव्हा ते भोंग्यावरून ओरडले, “बाटलीचं बूच घट्ट बसलेलं आहे, मंडळी!” झालं, नाव चिकटलं. आता बूच म्हटलं की बाटलीचं झाकण हा एक अर्थ. दुसरा अर्थ आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी फसला, तोंडावर आपटला की आपण म्हणतो, ह्याला बूच लागलं. त्यामुळे सकलैनला हाक मारणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ आहे, हे त्याच्या तोंडाकडे बघूनच ओळखावं लागे.

मैदानात दोन तट होते. मांडवाखाली खुर्च्यांवर बसणारे आणि गोलच्या मागं मातीत बसणारे. खुर्चीवाल्यांना सकलैन बिलकुल आवडत नसे. तो पळत नाही, चेंडू पायात खेळवत नाही, खांबासारखा उभा राहतो, असं त्यांचं म्हणणं. मातीवाल्यांचं म्हणणं वेगळं. चेंडू जिथं येणार तिथं हा माणूस आधीच उभा असतो, मग पळेल कशाला? खरं सांगायचं तर मातीवाल्यांचंच बरोबर होतं. सकलैनची सगळी करामत त्याच्या डोळ्यांत होती. मान न वळवता दोन्ही बाजूंना कोण कुठं सरकतंय हे त्याला दिसायचं, आणि दोन पावलं टाकली की काम व्हायचं. पण डोळ्यांची करामत खुर्चीवरून दिसत नाही.

मातीवाल्यांचा म्होरक्या होता कडूबा. बसस्टँडसमोर केळ्यांची गाडी लावणारा. आवाज असा, की त्यानं भाव पुकारला तर सुटलेली बस थांबावी. सकलैनला कुणी नावं ठेवली की कडूबा केळी तशीच टाकून भांडायला जायचा. एकदा चहाच्या टपरीवर याच्यापायी त्यानं मार खाल्ला. सुजलेल्या ओठानं दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तोच सकलैनला म्हणाला, “भाऊ, तू फकस्त उभा राह्य. तोंडाचं मी पाह्यतो.” सकलैनला असं बोलायला जमत नसे. तो हसला, आणि त्याला फार बरं वाटलं.

मागच्या वर्षी मेहकरचा संघ अंतिम सामन्यात गेला. उपांत्य सामन्यात अगदी जवळून मारलेला चेंडू सकलैनच्या डाव्या डोळ्यावर बसला. तो खाली पडला. खुर्च्यांकडून आवाज आला, “नाटकं सुरू!” तोंडावर पाणी मारून तो उठला आणि शेवटपर्यंत खेळला. सामना जिंकला. मातीवाल्यांनी त्याला उचलून नेलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या डोळ्यात ठिणग्या उडायला लागल्या.

आता ठिणगी म्हटलं की वेल्डरला दुसरं काय सुचणार? काच न धरता टाका मारला की डोळ्यांना वेल्डिंग लागते. डोळ्यांत रेती गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं, मिटल्या डोळ्यांपुढं उजेड नाचतो. त्यावर या धंद्यातल्या सगळ्यांचा एकच दवा. कच्च्या बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवायच्या आणि पडून राहायचं. सकलैनच्या वडिलांनी हेच केलं, वडिलांच्या उस्तादानं हेच केलं. त्याला स्वतःला वेल्डिंग इतक्यांदा लागली होती की घरात बटाटा भाजीपेक्षा डोळ्यांनाच जास्त लागतो, असं त्याची बायको यास्मीन म्हणायची.

“काच काऊन नाई धरत तुमी?” चकत्या कापता कापता ती रागावली.

“धरली होती ना,” तो म्हणाला.

आणि ते खरं होतं. त्यानं काच धरली होती. शिवाय या खेपेला जळजळ नव्हती, पाणी येत नव्हतं. हे त्याच्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण ज्याला डोळ्याचा एकच आजार माहीत, तो दुसरा कुठून आणणार? डाव्या हाताला एक सावली दिसू लागली. मान वळवली की सावलीही वळायची. बटाट्याला थोडा वेळ द्यावा, असं त्यानं ठरवलं. अंतिम सामना तोंडावर आला होता. ‘डोळा दुखतो’ म्हणून बाहेर बसलो तर खुर्चीवाले काय म्हणतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि आत आत एक हौसही होती. कडूबा आणि मंडळींनी एवढी वर्षं ज्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या, तो कप त्यांना द्यायचा होता.

अंतिम सामना सुलतानपूरशी. सुलतानपूर सकलैनची सासुरवाडी. त्यांच्या संघात उजव्या बगलेनं पळणारा मेहबूब हा यास्मीनचा धाकटा भाऊ. वाऱ्यासारखा पोरगा. सामन्याआधी मेहबूबनं वाकून सलाम केला. “दूल्हाभाई, आज घरचं नातं बाजूले,” तो हसत म्हणाला. सगळ्यांनी ते पाहिलं.

सामना संपत आला तरी गोल नव्हता. मग उजवीकडून एक लांब पास आडवा आला, मैदान ओलांडून सकलैनच्या डाव्या हाताला पडला. असे पास त्यानं शेकड्यांनी अडवले होते. या वेळी मात्र तो पुढं बघत उभा राहिला. चेंडू त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेला. मागून मेहबूब आला, आणि सकलैननं मान वळवली तेव्हा जाळी हलत होती.

मैदानात एकदम सामसूम झाली. आणि त्या शांततेत रमाकांत सरांचा भोंगा वाजला. “बूच निघालं, मंडळी! सासुरवाडीची बाटली म्हटल्यावर बूच आपोआप निघालं!”

माणसं हसली. सर फक्त विनोद करत होते, त्यांच्या मनात पाप नव्हतं असं आपण धरून चालू. पण माइकवरचा विनोद खाली पडत नाही, तो कुणाच्या तरी खिशातून घरी जातो. मेहकर हरलं, आणि मैदान रिकामं होईपर्यंत विनोदाची बातमी झाली होती. सकलैननं मेव्हण्याला वाट दिली. चेंडू समोरून गेला, यानं पाय हलवला नाही. सामन्याआधीच त्यांचं बोलणं झालं होतं, हसताना आम्ही पाहिलं. कालपर्यंत मातीत बसणारे अर्धेअधिक लोक हे बोलू लागले. कडूबा मात्र एकटाच दहाजणांशी भांडत राहिला.

सावली डोळाभर पसरली तेव्हा कुठं सकलैन यास्मीनला घेऊन जालन्याला गेला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा सुटला आहे. मार लागला त्या दिवशीच आला असतात तर बरंच वाचलं असतं. ऑपरेशन करून पाहिलं. डोळा दिसायला पूर्वीसारखाच राहिला, फक्त त्याला दिसायचं थांबलं. “तुम्ही इतके दिवस केलं काय?” असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा यास्मीननं खाली पाहिलं. बटाट्याचं नाव घ्यायची तिला लाज वाटली. त्या चकत्या तिनंच कापल्या होत्या. पुढं कितीतरी दिवस तिनं घरात बटाटा आणला नाही.

परतीची बस सुलतानपूरला थांबली. यास्मीन उठून उभी राहिली.

“उतरा. अम्मीच्या घरी सांगू. मेहबूबले सांगू. सारं मेहकर तुमाले बेइमान म्हनून राह्यलं. त्याईले कळू द्या ना!”

सकलैननं तिचं मनगट धरलं. “बस खाली.”

“काऊन?”

“एका डोळ्याच्या वेल्डरले गेट कोन देईन? सांग. तू देशील?”

ती खाली बसली. कंडक्टरनं बेल मारली.

“बेइमान वेल्डरले काम भेटते,” सकलैन हळूच म्हणाला. “आंधळ्याले नाई भेटत. कोनालेच सांगू नको. माई कसम आहे तुले.”

वाटेतल्या बीबी गावापासून सुलतानपूरपर्यंत बसमध्ये त्यानं हाच हिशेब केला होता. चुकीचा होता असं म्हणायची हिंमत माझ्यात नाही. त्याला लोखंड जोडण्याशिवाय काही येत नव्हतं, आणि खेळाच्या इज्जतीवर चूल पेटत नाही.

डोळ्यावरच्या पट्टीबद्दल त्यानं गावात सांगितलं की सामन्यानंतर ग्राइंडरचा कण गेला होता, निघाला. लोकांनी मानलं. वेल्डरच्या डोळ्यात कण जायचाच. दुकान सुरू झालं. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, रॉड टेकवायचा कुठं आणि टेकतो कुठं. मग तो डाव्या हाताच्या बोटानं सांधा चाचपून टाका मारायला शिकला. बोटांची टोकं काळी पडली. गेट तयार झालं की संध्याकाळी शटर अर्धं ओढून यास्मीन काटकोन बघायचा गुण्या लावून कोपरे तपासायची. वाकडा असेल तिथं नुसतं बोट ठेवायची. तो पुन्हा कापून जोडायचा. काम सुटलं नाही.

सुटलं ते बाकीचं. मैदानावर जाणं त्यानं बंद केलं, तेव्हा लोक म्हणाले, कोणत्या तोंडानं येईल? मेहबूब ईदला आला तो घुश्शातच. त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा गोल, आणि गाव म्हणत होतं तो बहिणीच्या नवऱ्यानं खैरातीत दिला.

“दूल्हाभाई, तुमी सोडला का मी मारला?”

“तूच मारला रे. खरा गोल होता.”

“मंग तुमी हलले काऊन नाई?”

सकलैननं शीरखुर्म्याची वाटी त्याच्यापुढं सरकवली. मेहबूबनं ती तशीच ठेवली आणि पुन्हा त्या घरी आला नाही. भाऊ गमावल्याचं यास्मीननं नवऱ्याला कधी बोलून दाखवलं नाही. पण कोपरे तपासताना ती पूर्वी काहीबाही बोलायची, ते बंद झालं.

आता राहिला होता एकटा कडूबा. यंदाचे सामने जवळ आले तसा एका दुपारी तो गाडी दुसऱ्याकडे सोपवून दुकानात आला. शाळेच्या आवाराचं गेट सकलैनकडे आलं होतं, आणि रमाकांत सर मापं घेऊन बाहेर फोनवर बोलत उभे होते. कडूबा लोखंडाच्या ढिगावर बसला. नेहमीचा आवाज नव्हता त्याचा.

“भाऊ, वरीस झालं लोकाईशी भांडून राह्यलो. आता दम नाई राह्यला. एकच सांग. बॉल तुले दिसला होता का नाई?”

सकलैनच्या हातातला रॉड थांबला.

“दिसला नाई म्हन,” कडूबा पुढं वाकला. “सूर्य डोळ्यावर आला होता म्हन. कायी बी म्हन. मी साऱ्या मेहकराले सांगतो. घरोघरी जाऊन सांगतो.”

सांगितलंही असतं त्यानं. तीच तर अडचण होती. कडूबाला सांगितलेली गोष्ट संध्याकाळच्या आत बीबीपर्यंत पोचते, आणि सकलैनच्या प्रेमापोटी तर ती त्यानं भोंगा लावून सांगितली असती. दुसरा कुणीही असता, सांगायची घाई नसलेला, ओठ मिटून घेणारा, तर सकलैन त्या दिवशी बोलला असता. त्याला बोलायचं होतं. बाहेर रमाकांत सरांचा फोन संपला होता आणि ते आत येत होते.

“दिसला होता,” सकलैन म्हणाला.

कडूबा त्याच्याकडे बघत राहिला. सकलैनचे दोन्ही डोळे त्याच्यावर रोखलेले होते, आणि दोन्ही सारखेच दिसत होते.

“साफ दिसला होता?”

“साफ.”

कडूबा उठला. येताना केळ्यांची एक फणी त्यानं आणली होती सकलैनसाठीच. ती परत उचलली आणि दारात उभ्या असलेल्या सरांच्या हातात दिली. “घ्या सर,” तो म्हणाला. “तुमीच खरे होते.”

यंदाचे सामने झाले. गोलच्या मागं मातीत बसून सकलैनच्या नावानं शिव्या देणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज कडूबाचा होता, आणि तो लोणार रस्त्यावर, दुकानापर्यंत ऐकू येत होता. शाळेचं गेट बसलं. सरांनी जाता-येता हात फिरवून पाहिलं आणि चार लोकांना सांगितलं, “माणूस कसाही असो, पण नजर पक्की आहे हो त्याची.”