पंधरा नंबरचं करेक्शन

काल्हेरच्या ज्या गोडाऊनमध्ये मी कामाला आहे, तिथे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत कोणी धड जेवत नाही. डबे उघडे, चपाती हातात आणि भांडण जोरात. विषय एकच: इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये येत्या हंगामात वीस टीमपैकी कोण कितवी येणार. भिवंडीच्या माणसांनी इंग्लंडच्या टीमसाठी एकमेकांची खानदानं काढावीत, याला काय म्हणायचं ते म्हणा. आम्ही असेच आहोत.

आमची पद्धत ठरलेली आहे. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एक ते वीस नंबर टाकून टीम लिहायच्या. टीव्हीवर स्कोअरच्या पट्टीत दिसतात तशी इंग्रजी तीन अक्षरं, म्हणजे वाचताना घोळ नको. सगळ्या चिठ्ठ्या एका खोक्यात, खोक्याला तपकिरी टेप, टेपवरून तिघांच्या आडव्या सह्या, आणि खोका सगळ्यात वरच्या रॅकवर. एका वर्षी नव्या सुपरवायझरने तो माल समजून नाशिकच्या गाडीत चढवला होता. ड्रायव्हरला फोन करकरून पडघ्याहून परत आणला. तेव्हापासून आम्ही त्यावर ‘डॅमेज’ असं लेबल लावतो, कारण डॅमेज मालाला कोणी हात लावत नाही.

मे महिन्यात लीग संपली की खोका उघडायचा. ज्याचा अंदाज जितक्या जागांनी चुकला तितके त्याचे गुण, आणि ज्याचे गुण सगळ्यात कमी तो जिंकला. बक्षीस म्हणाल तर काही नाही. जिंकलेली चिठ्ठी पाण्याच्या कूलरशेजारच्या खांबावर लावतात, वर मोठ्या अक्षरात नाव, आणि ती पुढच्या मेपर्यंत तिथेच राहते. हसू नका. आमच्याकडे माणसाला ओळखतात ते गळ्यातल्या कार्डाच्या नंबरवरून. त्या खांबावर नाव लागलं की गाडीचे ड्रायव्हरसुद्धा पाणी पिताना वाचतात.

माझं काम स्टॉक मोजायचं. सिस्टीम म्हणते चाळीस आणि रॅकवर अडतीस, तर कुठे गडबड झाली ते शोधायचं आणि आकडा दुरुस्त करायचा. याला आम्ही ‘करेक्शन मारणं’ म्हणतो. खरं तर करेक्शन मारण्याआधी माल चढवणाऱ्याला विचारायचं असतं. मी कधी विचारत नसे. मला बघताक्षणी कळतं, असा माझा समज होता.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये पॅकिंगच्या मावशी माझ्या टेबलापाशी आल्या. खारबावजवळच्या गावातून येतात. पंचेचाळिशीच्या असतील, हात असा चालतो की टेपचा आवाज तुटत नाही. त्यांचं टेबल माझ्या शेजारीच, म्हणून आमची सगळी भांडणं त्यांनी वर्षानुवर्षं फुकट ऐकलेली.

“भाऊ, आमची चिठ्ठी चालंल का?”

डिस्पॅचचा एक जण खिदळला. “मावशी, टीममध्ये किती जण असतात ते तरी ठाऊक आहे का?”

“अकरा मैदानात. न् बाकड्यावर बसल्यात त्यांना काय तुझा बाप मोजणार?”

सगळे टेबल बडवून हसले. त्या गड्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग कळलं की मावशींची मुलगी कॉलेजात जाते, फुटबॉलची वेडी आहे, आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी मायलेकी मिळून मॅच बघतात.

“चार दिस भांडून काढलीय आमी यादी,” मावशी म्हणाल्या. “पोरगी म्हनते, आये, त्या पोरांत तुला कोन घेतंय? म्हनून जिंकायचं हाय. खांबाचा फोटो काढून दावनार हाय तिला.”

मराठी त्या झरझर लिहीत, पण ती इंग्रजी तीन अक्षरं त्यांना जमत नव्हती. म्हणून त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं ठरलं. डोळे मिटून, बोटांची पेरं मोजत त्या एकेक सांगू लागल्या. मुलीने लिहून दिलेला कागद सकाळच्या पावसात भिजून गेला होता. पण तिने घोकूनही घेतलं होतं.

टीमची नावं त्या रंगावरून घेत. “सहावे पिवळे,” त्या म्हणाल्या.

“मावशी, ते आत्ता कुठे खालच्या लीगमधून वर आलेत. टिकले तरी नशीब.”

“ठाव हाय. पन त्यांचा कोच तोच ऱ्हायलाय. लिव.”

मी ती जागा मोकळी सोडली. म्हटलं, शेवटी समजावू. पुढची नावं आली, बरी होती, काही तर माझ्यापेक्षा बरी. आणि मग त्या म्हणाल्या, “पंधरावे लाल.”

लाल म्हणजे माझी टीम. शाळेत असल्यापासूनची. शनिवारी मी युनिफॉर्मच्या आत त्यांची जर्सी घालायचो, घामाने निथळायचो, पण घालायचो.

“पंधरावे? मावशी, शुद्धीवर आहात ना?”

“आरं, त्यांचे समदे पुढं पळत्यात. मागं सांभाळायला कोन ऱ्हात न्हाय. मी बगते ना.”

ते खरं होतं आणि मला ते माहीत होतं, म्हणूनच झोंबलं. मी मान हलवली आणि सहाव्या जागेवर लाल लिहिले, पंधराव्या जागेवर पिवळे. चिठ्ठीची घडी घातली आणि “झालं, मावशी” म्हणालो. त्यांनी दोन्ही हात जोडले. हो, जोडले. मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होतो की चिठ्ठी वाचताना पोरांनी त्यांच्यावर दात काढू नयेत म्हणून मी तसं केलं. खोटं आहे. माझ्या हाताने माझी टीम पंधरावी लिहवेना, एवढंच. आणि एका पॅकिंगवाल्या बाईला माझ्यापेक्षा जास्त कळतं हे मानायची माझी तयारी नव्हती. बघताक्षणी करेक्शन मारलं आणि मोकळा झालो.

वर्ष गेलं. लालवाल्यांनी माझं नाक कापलं. सोमवारी कामावर यायची लाज वाटावी अशा मॅच हरले आणि शेवटी पंधरावे आले. बरोबर पंधरावे. पिवळे आले सातवे. तरीही मे महिन्यात खोका उघडला तेव्हा माझे गुण निघाले अठ्ठावन्न, सगळ्यात कमी. पॉवरलूमचं काम सोडून लोडिंगला आलेला एक जण ओरडला, “भाई की टीम डूब गई, मगर भाई पार हो गए!” मी कॉलर ताठ केली.

मग मावशींची चिठ्ठी निघाली. डिस्पॅचवाला मावशींना कळावं म्हणून रंगांनीच मोठ्याने वाचत होता. “सहा नंबर, लाल...”

“न्हाय न्हाय,” मावशी टेप टाकून पुढे आल्या. “लाल पंधरावे. सहावे पिवळे. मी भाऊला तसंच सांगतलं.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चिठ्ठीचे गुण झाले होते सत्तर. आकडेमोड हे माझं कामच, त्यामुळे मला तिथल्या तिथे कळलं: त्यांनी सांगितलं तसं लिहिलं असतं, तर झाले असते चोपन्न. त्या पहिल्या, मी दुसरा. एक वाक्य बोलायचं होतं. ‘हो, माझी चूक झाली.’ कोणी मारणार नव्हतं मला.

“नाही मावशी,” मी म्हणालो. “तुम्ही सहावे लालच सांगितलेत.”

“भाऊ, नीट आठव.”

“मी स्वतः लिहिलंय ना! वीस नावं आहेत, होतो माणसाचा गोंधळ.”

“मावशी, निकाल लागल्यावर आम्हालाही सगळं बरोबर आठवतं,” मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा झाला. मावशींनी चिठ्ठी हातात घेतली. अक्षर माझं. त्यांना ते वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “असंल मंग.”

एवढ्यावर संपलं असतं तरी पुष्कळ होतं. पण टेपची मशीन मावशींच्या टेबलावर असते, म्हणून कोणीतरी म्हणालं, मावशी, लावा आता भाईची चिठ्ठी खांबावर. आणि त्यांनी लावली. चारी बाजूंनी पट्ट्या मारल्या, आत हवा राहू नये म्हणून अंगठ्याने दाबून दाबून घेतल्या. काचेचा माल पॅक करतात तशी माझी चिठ्ठी लावली त्या बाईने. मी शेजारी उभा राहून बघत होतो, आणि पोरांनी फोटो काढला तेव्हा हसलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी त्या आपणहून म्हणाल्या, “पोरगी लय चिडलीय. म्हनते, मी एवढं घोकून घेतलं, न् तू उलटं सांगून आलीस. आता मॅच बगताना मी काय बोलले की म्हनते, आये, तू ऱ्हाऊ दे.”

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी काय म्हणालो? “लहान आहे मावशी, विसरेल.” आणि स्कॅनर उचलून रॅककडे निघून गेलो. त्या दिवसापासून मी कूलरचं पाणी प्यायचं सोडलं आणि घरून बाटली आणायला लागलो. खांबावर माझं नाव होतं ना. जर्सी तर कपाटात गेली ती गेलीच.

जून गेला, जुलै गेला. रोज ठरवायचो, आज सांगतो. मावशी रोज डब्यातली भाजी पुढे करायच्या, “घे भाऊ, वाल हायत.” मी घ्यायचो. वाल घशाखाली उतरायचे आणि शब्द मात्र वर यायचे नाहीत. इतका नीचपणा माझ्यात आहे हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

ऑगस्ट आला, पुन्हा चिठ्ठ्या सुरू झाल्या. जेवणाच्या सुट्टीत मावशी आल्या आणि माझ्यासमोर एक छोटं पाकीट ठेवलं. खाकी कागदाचं, चारी बाजूंनी टेप मारलेलं. एका कोपऱ्यातून आतली अक्षरं पुसट दिसत होती. इंग्रजी. तीन-तीन अक्षरं, खोक्यावरच्या लेबलासारखी उभी, सुटी, ताठ.

“लिवायला शिकले,” त्या म्हणाल्या. “तुला तरास नको.”

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी कदाचित पुन्हा वाचलो असतो, उलटून काहीतरी बोललो असतो. मी उठून उभा राहिलो.

“मावशी, तुम्ही पंधरावे लालच सांगितले होते. मी उलटं लिहिलं. मुद्दाम.”

आजूबाजूचे घास थांबले. डिस्पॅचवाला म्हणाला, “काय बोलतो?”

मावशी म्हणाल्या, “मला ठाव हाय. मी काय सांगतलं ते मला ठाव नसंल व्हय?” मग म्हणाल्या, “पन मला ठाव असून काय उपेग? पोरीला कोन सांगंल?”

त्यांनी कमरेचा फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. रिंग वाजत होती. सगळे बघत होते.

“काय गं आये?” पलीकडून आवाज आला.

मी सांगितलं. मी कोण, मी काय लिहिलं, कसं सगळ्यांसमोर तिच्या आईला खोटं पाडलं, सगळं.

“म्हणजे आम्ही जिंकलो होतो?”

“हो.”

“आई बरोबर होती?”

“हो. अगदी बरोबर होती.”

“फोन आईला द्या,” ती म्हणाली.

मावशी फोन कानाला लावून खोक्यांच्या थप्पीमागे गेल्या. काय बोलणं झालं मला माहीत नाही, मला माहीत असायचं कारणही नाही. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. मी खांबापाशी गेलो आणि माझी चिठ्ठी काढायला लागलो. टेपचं टोक सापडेना. नखाने खरवडलं, बोट दुखलं, नुसता कोपरा फाटला. माझं नाव होतं तिथेच राहिलं.

मागे पावलं वाजली. मावशी होत्या. डोळे पुसलेले दिसत होते. त्यांनी एप्रनच्या खिशातला कटर काढून माझ्यापुढे धरला.

“नखानी न्हाय निगायची भाऊ ती,” त्या म्हणाल्या. “मी चांगली लावलेली.”